मंजुळाबाईंच्या झिऱ्याचे दगड

अन्याय झाला तो मंजुळाबाई भोये यांच्यावर, त्यांचे सासरे देवरामबाबा यांच्यावर आणि त्यांच्या पाड्यावरच्या नऊ घरांवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे "आता कुठे आठवतंय" असं म्हणायची सोय कुणाला राहायला नको. २००६ सालच्या दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. दोन तास पुरले. करणारे आम्ही, नाशिकहून आणि इकडून तिकडून जमलेले दोनशेच्या वर लोक. आणि गळ्यात शिट्टी अडकवून त्या गर्दीचं नियोजन करत होते मी.

पाड्याचं नाव लिहिणार नाही. पेठ तालुका, एवढं पुरे. नाव लिहिलं की उद्या कुणीतरी ते वाट दाखवणाऱ्या यंत्रात घालील आणि परवा तिथे गाड्या लागतील. प्रवासाबद्दल लिहिणारे सहसा वाचकाला तिकडे जायचा मोह पाडतात. मला तसं करायचं नाही. तुम्ही गेला नसाल तर फार बरं झालं. गेला असाल तर शेवटपर्यंत वाचा, तुमच्याकडे काम आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी रानात एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीचे हातातल्या जीपीएस यंत्रात ते आकडे घालून डबा शोधत जातात. यंत्र उपग्रहाला विचारून दिशा दाखवतं. डब्यात एक वही असते, तिच्यात आपलं नाव लिहायचं. बरोबर काही किरकोळ वस्तू असतात, किचेन, बिल्ला, असलं काहीतरी. त्यातली एक घ्यायची आणि आपली एक ठेवायची. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, हा या खेळाचा नियम. तो लक्षात राहू द्या.

नाशिकमध्ये हे वेड आणलं केदारने. तीन वर्षं अमेरिकेत नोकरी करून तो परत आला तेव्हा बॅगेत तीन यंत्रं होती. केदार वाईट माणूस नाही. वाईट असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. माझी त्याची ओळख प्लास्टिकच्या पिशव्यांविरुद्धच्या मोहिमेतली. दोन वर्षं मी त्या मोहिमेची पत्रकं लिहिली, छापून घेतली, नाशिक रोडच्या स्टेशनबाहेर उभी राहून वाटली. लोकांना हुकूम सोडायची भाषा मला येते. वापरू नका, थांबवा, विचारा, जागे व्हा. पेठच्या रानात सगळ्यांनी मिळून हा खेळ खेळायचा कार्यक्रम ठरवला तेव्हा केदार म्हणाला, "साठेक लोक येतील. पत्रक तू लिही आणि गर्दी तू सांभाळ. तुझा आवाज मोठा आहे." मला त्यात मान वाटला.

शनिवार

आदल्या दिवशी आम्ही डबा लपवायला गेलो. मी, केदार आणि अस्लमभाईंची ट्रॅक्स. अस्लमभाई आमच्याच कॉलनीच्या मागे राहतात, पेठ रस्त्यावर त्यांनी वीस वर्षं गाडी मारलेली आहे. यंत्र पाहून ते पहिल्यांदा हसले ते मखमलाबाद नाक्याच्या पुढे. केदार म्हणाला, "आता सरळ चाळीस किलोमीटर." अस्लमभाई म्हणाले, "सीधा तो कौआ जाता है, साहब. आपल्याला घाटातून जायचंय."

सावळघाट उतरला की नाशिक संपतं असं मला नेहमी वाटतं. द्राक्षांचे मांडव मागे राहतात. उतारावर खुरासणी फुललेली होती, पिवळीधमक, आणि तिच्या खालच्या पट्ट्यात नागली, म्हणजे नाचणी, पिकायला लागलेली, करड्या-तांबड्या मुठी आवळल्यासारखी कणसं. शेत म्हणजे आमच्याकडे एक सपाट चौकोन. इथे शेत डोंगराला टेकून उभं असतं आणि माणूस त्यात वाकला की पडेल असं वाटतं. पडत नाही.

पाड्याच्या अलीकडे यंत्राने आम्हाला फसवलं. "आठशे मीटर" म्हणत त्याने एका कड्यावर नेऊन उभं केलं. आठशे मीटर खरेच होते, पण मध्ये दरी होती. वळसा घालताना माझ्या सँडलचा पट्टा तुटला आणि उरलेला दिवस मी अस्लमभाईंच्या गाडीतल्या सुतळीने तो बांधून काढला.

मंजुळाबाई अंगणात उडीद वाळत घालत होत्या. चाळिशीच्या असतील. आम्ही कोण, कुठले, हे विचारायच्या आधी त्यांनी पाणी दिलं. तसं गार आणि गोड पाणी मी आमच्या फ्रिजमधलंही प्यायलेली नाही. तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "झिऱ्याचं हाय. खाली उंबराच्या तिकडं. शिमग्यानंतर सगळं आटतं, ह्यो नाय आटत."

मग नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि उडदाचं पातळ वरण. भाकरी काळी म्हणून केदारने आधी कडेचा तुकडा मोडला, नंतर तीन खाल्ल्या. मंजुळाबाई त्याला म्हणाल्या, "दादा, अमेरिकेत उपाशी ठेवलं व्हतं का तुमाला?" अस्लमभाईंना ठसका लागला.

परवानगी विचारली का, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. विचारली. केदार म्हणाला, "काकू, उद्या थोडे लोक येतील. डबा शोधतील आणि जातील. चालेल ना?"

"येऊं द्या की. रान काय माझं हाय?"

थोडे म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही. मीही नाही.

दुपारनंतर केदारने उंबराखालच्या दगडांच्या सांदीत डबा ठेवला आणि यंत्रावर जागा नोंदवली. मी वाट साफ करायला घेतली. आमच्या मोहिमेतली सवय ती, जिथे जाऊ तिथला कचरा उचलायचा. दोन गुटख्याच्या पुड्या सापडल्या. थोडं पुढे, उंबराच्या खाली, एक पायवाट ओढ्याकडे उतरत होती आणि तिच्या तोंडाशी बोरीच्या-करवंदीच्या तोडलेल्या काटेरी फांद्यांचा ढीग पडलेला. मला संताप आला. कुणीतरी झुडपं तोडून वाटेत टाकलीत. मी एकेक फांदी ओढून बाजूला केली. हात ओरबाडले. अर्ध्या तासात वाट मोकळी.

वर घराच्या ओट्यावर देवरामबाबा बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांवर पांढरं आलेलं. त्यांनी आवाज दिला, "कोण ओढतंय काटी?"

"आम्ही आहोत, बाबा. वाट साफ करतोय."

"वाट?" ते म्हणाले. पाहुण्याला आडवं बोलायचं नाही, ही त्यांची रीत. आमच्या कॉलनीत कुणी दुसऱ्याच्या दारातली कुंडी हलवली असती तर तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला असता. इथे आला नाही, म्हणून मी समजले की माझं बरोबर आहे.

त्या ओरबाडलेल्या हातांचा मी फोटो काढून घेतला. अजून आहे माझ्याकडे.

रविवार

माझं नियोजन असं होतं. दहा-दहाच्या तुकड्या, प्रत्येक तुकडीला वेगळ्या रंगाची फीत, दोन तुकड्यांमध्ये दहा मिनिटांचं अंतर, शिट्टी वाजली की परत. साठ लोकांसाठी हे नियोजन चांगलं होतं, अजूनही मी तसंच म्हणेन.

नऊ वाजता अस्लमभाई वरच्या रस्त्यावरून खाली आले. "ताई, एक बार ऊपर चलकर देखो. इतने लोग तो हमारे यहाँ उर्स में नहीं आते."

केदारने इंटरनेटवर टाकलं होतं, कुणीतरी ते पुण्याच्या गटाला पाठवलं, पुण्याने मुंबईला, आणि मोबाइलवर मेसेज फिरले. गाड्यांची रांग वळणापलीकडे गेलेली. एक अख्खी मिनीबस होती, टोप्या घातलेली, कुठल्याशा ऑफिसची सहल. फिती सहा तुकड्यांना पुरल्या. पत्रकं मात्र सगळ्यांना पुरली, कारण छापखानेवाल्याने तीनशेच्या खाली छापायला नकार दिला होता. पत्रकावर डब्याचे आकडे होते, खेळाचा नियम होता, आणि खाली मी लिहिलेला सुगावा. सुगावा लिहायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती.

"पाणी जवळ आहे. दगड उचलून पाहा."

पहिल्या तीन तुकड्यांना डबा मिळाला. त्यांनी वहीत नावं लिहिली, टाळ्या वाजवल्या. चौथी तुकडी परतायच्या आत मागच्या लोकांनी धीर सोडला. आकडे सगळ्यांच्या हातात होते, मग माझ्या शिट्टीसाठी कोण थांबणार? मी वाजवत राहिले. शिट्टीने फक्त मला दम लागला.

आणि झाडीखाली यंत्र चुकतं, हे केदारला माहीत होतं. दाट पानांखाली उपग्रह नीट दिसत नाही, मग एकाचं यंत्र उंबराकडे बोट दाखवतं, दुसऱ्याचं तिथून पंचवीस-तीस पावलं खाली. डब्याभोवती आधीच कोंडाळं झालेलं, म्हणून मागचे लोक खालच्या बाजूला पसरले. खाली एक मोकळी, स्वच्छ पायवाट होती. ती मीच स्वच्छ केली होती.

पायवाटेच्या टोकाला झिरा.

झिरा म्हणजे काय ते मी तोवर पाहिलेलं नव्हतं. ओढ्याच्या काठाला मुरमात खणलेला कमरेएवढा खड्डा, आतून चपट्या काळ्या दगडांनी बांधलेला. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला, आणि त्या फटींमधून पाणी गाळून येतं. बाजूला खुंटीला एक करवंटी टांगलेली. आता लोकांच्या जागी उभं राहून बघा. पत्रक म्हणतंय, पाणी जवळ आहे, दगड उचला. समोर पाणी आहे आणि दगड इतके नीट रचलेले आहेत की ते कुणीतरी मुद्दाम रचले असणार. त्यांनी उचलले. वरची ओळ, मग तिच्या खालची. ज्याला डबा दिसला नाही त्याने पुढचा दगड उचलला.

तेवढ्यात वरून बातमी आली की डब्यातल्या वस्तू संपल्या, ठेवणाऱ्यांपेक्षा घेणारे जास्त निघाले. आता दोनशे माणसं एवढ्या लांबून आलेली, रिकाम्या हाताने कशी जाणार? नियम तर पाठ होता. त्यांनी झिऱ्याचे दगड घेतले आणि त्यांच्या जागी वस्तू ठेवल्या. गुळगुळीत, सुबक, दोन हातांत मावणारे दगड. एक बाई तो दगड छातीशी धरून माझ्याजवळून गेली. थांबून मला दाखवला. "मस्त आहे ना? बाथरूममध्ये ठेवणार आहे."

मी म्हणाले, "छान आहे."

हे मला खोडता येत नाही. मी छान म्हणाले.

साडेअकराला मंजुळाबाई हंडा घेऊन आल्या तेव्हा बहुतेक लोक गाड्यांकडे निघाले होते. झिऱ्यापासून दहा पावलांवर त्यांनी चपला काढल्या. तिथे कुणीही चपलेने जात नाही, हेही मला तेव्हाच कळलं. खड्ड्याशी जाऊन त्या उभ्या राहिल्या. पाणी मातकट झालं होतं. त्यांनी हात घालून एकेक वस्तू बाहेर काढली. दोन किचेन, कंपनीचं नाव असलेलं एक पेन, प्लास्टिकचा छोटा गणपती, तीन बॅटरीचे सेल, चॉकलेट. ते सगळं त्यांनी गवतावर ओळीने मांडलं.

"हे कोनाचं हाय?"

मग केदार पुढे झाला. "सॉरी काकू, लोकांना समजलं नाही. पण ओढ्याला पाणी भरपूर आहे ना?"

"आता हाय."

"मग आज तरी अडचण नाही."

"आता हाय, दादा," त्या पुन्हा म्हणाल्या, पहिल्याहून हळू.

देवरामबाबा काठी टेकत आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते काठावर बसले, हात आत घातला आणि भिंत चाचपली, गोठ्यात जनावराची पाठ चाचपावी तशी. "वरची वळ गेली," ते म्हणाले. मग खाली हात नेला. "दुसरी बी. काटी कोनी काढली?"

मी सांगितलं. वाट साफ केली असंही सांगितलं, कारण तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही.

"ताई," मंजुळाबाई म्हणाल्या, "ती काटी वाट बंद म्हनून घातलेली. गुरं येत नाईत, नवखा मानूस येत नाय. तुमी दार काढलं आमचं."

वर गाड्यांपाशी समारोप झाला. केदारने आभार मानले, माझं नाव घेऊन सांगितलं की एवढी गर्दी, पण एकालाही खरचटलं नाही. टाळ्या झाल्या. फोटोत मी मध्ये उभी आहे.

शिमग्यानंतर

डिसेंबरात या खेळासाठी जमलेल्या आमच्या मंडळाने पाड्याला पाण्याची काळी टाकी दिली. तिच्यावर पांढऱ्या रंगात मंडळाचं नाव आहे. ती आणायला टेम्पो गेला, फोटो आले, मी गेले नव्हते. त्या रविवारनंतर मी पहिल्यांदा गेले ती शिमगा होऊन गेल्यावर, अस्लमभाईंबरोबर, मंजुळाबाईंना त्या दिवशीचे फोटो द्यायला. फोटो द्यायला हे निमित्त. खरं म्हणजे "आता हाय" हे शब्द मला सोडत नव्हते.

डोंगर जळल्यासारखे तांबूस. ओढा कोरडा. टाकी अंगणात उभी होती, तिच्या सावलीत कोंबड्या. मी बोटाने वाजवून पाहिली.

"वाजवू नका," मंजुळाबाई म्हणाल्या. "रिकामीच हाय. भरायची कशानं?"

झिऱ्याचा काठ ढासळून आत आला होता. दगडांनी धरून ठेवलेला मुरूम सुटला, खड्डा भरला. त्यांनी दोनदा खणला, दोनदा पुन्हा बसला. पाणी आता खड्ड्यात न येता खालून कुठेतरी निघून जातं. कुठे, ते कुणाला सापडत नाही. बायका दरीत उतरतात, तिथे एका डबक्यात वाटी-वाटीने भरतात. जाऊन येऊन दोन तास, दिवसातून दोनदा. दारात वाट पाहणाऱ्या जावेला मंजुळाबाई त्यांच्या कोकणा आदिवासी बोलीत एवढंच म्हणाल्या, "पानी नीही आहा," आणि हंडा पालथा घातला. आमच्या कॉलनीत सकाळी साडेपाचला नळ आला नाही तर सहाला आम्ही नगरसेवकाच्या घरी फोन करतो. इथे फोन कुणाला करायचा? मी तालुक्याच्या दोन कार्यालयांत अर्ज दिले. एका ठिकाणी विचारलं, झिरा सरकारी नोंदीत आहे का? नाही. मग नुकसान कशाचं?

मी देवरामबाबांना म्हणाले, "बाबा, आम्ही दुसरे दगड आणून देऊ. गाडी भरून."

ते हसले. त्या दिवसात हसलेले तेवढेच. "डोंगरात दगडच हाईत, पोरी. दगडाला काय तोटा? बसनारे दगड येगळे. नदीतनं माझ्या बापानं आनले, मी आनले. कोनता कोनाच्या शेजारी, कोनतं तोंड पान्याकडं, ते माझ्या हाताला ठावं हाय. डोळ्याला आता काय दिसत नाय. नवीन दगड मी कसा वळखू?"

मंजुळाबाईंनी पुढचं सांगितलं. बाबांच्या मुलाने नवे दगड लावून पाहिले, टिकले नाहीत. कसे लावायचे ते बाबा तोंडाने सांगू शकत नाहीत, हाताने करू शकतात. आणि काम व्हायचं तर उन्हाळ्यातच, जमीन कोरडी आहे तोवर. एकदा मृगाचा पाऊस लागला की ओढा तो काठच घेऊन जाईल. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाबा असतील का, हे कुणी बोललं नाही. बाबा तिथेच बसले होते.

परतताना अस्लमभाई गाडी घेऊन घाट चढले. वर आल्यावर म्हणाले, "पत्थर वापस लाओ, ताई. और क्या."

गंगापूर रोड

वहीत नावं होती, जाता जाता सही करून गेलेल्यांचीही, आणि बऱ्याच जणांनी पुढे पत्ते लिहिलेले. ती वही मी केदारकडून घेतली आणि महिनाभर संध्याकाळी घरं फिरले. हाही प्रवासच होता, आणि पेठच्या डोंगरापेक्षा जास्त चढाचा.

गंगापूर रोडला एका फ्लॅटमध्ये दगड फिशटँकमध्ये सापडला. बाईंनी तो बाहेर काढून पुसून दिला, चहा दिला, त्यांचे डोळे भरून आले. शेजारच्या इमारतीत एक गृहस्थ दारातूनच बोलले.

"मॅडम, मी काही चोरी केलेली नाही. मी तिथे पेन ठेवलं होतं बदल्यात. चांगलं पेन."

"ते पेन आहे त्यांच्याकडे. त्याच्यातून पाणी येत नाही."

"हे बघा, रानातला एक दगड. तुम्ही जरा अतीच करताय."

त्यांनी दगड दिला नाही. मागे शोकेसमध्ये मला तो दिसत होता, खाली चिठ्ठी लावलेली, त्यावर त्या रविवारची तारीख.

कुणी म्हणालं, घर बदलताना टाकून दिला. कुणी म्हणालं, आठवत नाही. पुणे आणि मुंबईच्या लोकांनी पत्रांना उत्तर दिलं नाही. केदार पहिल्या आठवड्यात बरोबर आला, नंतर म्हणाला, "तू भावनेने घेतेस. पुढच्या वेळी जागा नीट निवडू." पुढची वेळ. यंदाच्या दिवाळीनंतर आणखी मोठा कार्यक्रम आहे म्हणे, दुसऱ्या डोंगरावर. त्याची गर्दी सांभाळायला माणूस शोधताहेत.

महिनाभरात नऊ दगड मिळाले.

पुन्हा पाड्यावर

गेल्या आठवड्यात ते नऊ दगड गोणपाटात गुंडाळून घेऊन गेले. देवरामबाबांना ओट्यावर बसवलं, समोर मांडले. पाड्यावरची माणसं भोवती उभी होती.

त्यांनी पहिला घेतला. दोन्ही अंगठे कडेवरून फिरवले. "वरच्या वळीतला. झाडाच्या बाजूचा." बाजूला ठेवला. दुसरा, "ह्याच्या शेजारचा." तिसऱ्याला थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "हा बापानं आनलेला." तो त्यांनी खाली ठेवला नाही, मांडीवर ठेवला.

सहावा हातात घेतला आणि लगेच परत दिला. "हा आमचा नाय."

"बाबा, नीट बघा."

"बघितला. हा फोडलेला हाय, नदीचा नाय." आठवाही तसाच निघाला. त्यांनी तो मुलाकडे दिला, जराही राग न दाखवता, बाजारात खोटं नाणं परत करावं तसा.

म्हणजे दोन घरांत मला दारात थांबवून, आत जाऊन, कुठलातरी दगड आणून हातात दिला गेला. चला, पीडा टळली. मी आभार मानले होते दोघांचे.

मंजुळाबाईंनी सात दगड उचलून झिऱ्यापाशी नेले, पदराखाली झाकून, ऊन लागू नये अशा बेताने. चपला आधीच काढलेल्या. पायवाटेच्या तोंडाशी काटी पुन्हा घातलेली होती, त्यांनी ती बाजूला केली, मला आत घेतलं आणि परत लावली. सात दगडांत बाबांनी एका कोपऱ्याची अर्धी ओळ बसवली. बाकी भिंत उघडी. "ह्याला शेजारी पायजे," ते म्हणाले, "नायतर ह्यो बी पडंल."

"किती लागतील, बाबा?"

त्यांनी हात पसरून भिंतीची लांबी दाखवली.

निघताना मंजुळाबाईंनी मला पाणी दिलं. अर्धा तांब्या. दरीतलं, थोडं गढूळ, कापडाने गाळलेलं. नको म्हणायची हिंमत झाली नाही, प्यायचीही होत नव्हती. प्यायले.

मला आशा नाही. माझ्या पत्रकांनी प्लास्टिकची एक पिशवी कमी झाली की नाही, देव जाणे. एक मात्र पत्रक दोनशे लोकांनी शब्दशः पाळलं, आणि ते 'दगड उचलून पाहा' हे. म्हणून पुन्हा तेच करते, दुसरं काही मला येत नाही. हुकूम सोडते.

तुम्ही त्या रविवारी तिथे असाल तर उठा आणि घरात बघा. काळा दगड, चपटा, दोन तळहातांएवढा, कडा घासून गोल झालेल्या. कुंडीत असेल, बाथरूममध्ये असेल, फायलींवर ठेवलेला असेल. तो नाशिक रोडला माझ्याकडे आणून द्या. माझं नाव त्या पत्रकाच्या तळाशी छापलेलं आहे, आणि शोधायची तुम्हाला सवय आहे. मृग लागायच्या आत द्या. हरवला असेल तर हरवला म्हणून सांगा, मी काही बोलणार नाही. पण त्याच्या बदली दुसरा दगड देऊ नका. बाबांच्या हाताला कळतं.